कार्ले की भाजे?

लोणावळ्याजवळच्या मळवली स्टेशनवर उतरलं की भाज्याची बौद्ध लेणी दक्षिणेला, कार्ल्याची उत्तरेला. भाज्याला चालत जाता येतं. कार्ल्यासाठी जुना मुंबई-पुणे रस्ता ओलांडावा लागतो, तिकडे रिक्षा केलेली बरी. एका दिवसात दोन्ही होतात, पण मग एकही नीट पाहून होत नाही.

शिल्पांसाठीच जायचं असेल तर कार्ल्याला तोड नाही. चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन, जवळजवळ ३८ मीटर लांब, खांब ३७, बऱ्याच खांबांवर दात्यांचे ब्राह्मी लेख. त्या दात्यांत धेनुकाकट गावचे यवन, म्हणजे ग्रीक म्हणवले जाणारे लोकही आहेत. व्हरांड्यातल्या लेखात वैजयंतीचा (आजचं कर्नाटकातलं बनवासी) भूतपाल श्रेष्ठी, म्हणजे सावकार, या शैलगृहाला जंबुद्वीपात (भारतवर्षात) उत्तम म्हणतो, आणि आत गेल्यावर ते पटतं. स्तूपावरची लाकडी छत्रीसुद्धा टिकून आहे. खांबांच्या माथ्यावरच्या हत्तीस्वारांच्या जोड्या अंधारात असतात, दुर्बीण जवळ ठेवा.

माझं अडतं ते आवाजापाशी. एकवीरा आईचं देऊळ चैत्याच्या अगदी तोंडाशी आहे. कोळी-आगरी भाविकांची ती कुलस्वामिनी, त्यांनी वाजतगाजतच यावं. पण रविवारी, मंगळवारी, शुक्रवारी, नवरात्रात आणि चैत्रात बाहेरच्या ढोलाचा ठोका आतल्या उंच कमानदार छताखाली घुमत राहतो. अंगणात रांग असली की मागे सरकून दर्शनी भाग एका नजरेत घेणंही होत नाही. जायचंच तर बुधवारी किंवा गुरुवारी, उघडल्या उघडल्या.

भाज्याचं चैत्यगृह लहान, २७ खांबांचं, पण इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातलं, म्हणजे कार्ल्याहून बरंच जुनं. इथे बुद्धमूर्ती नाही, खांबांवर फारसं कोरीवकामही नाही. खांब मात्र जवळ जाऊन बघा: वर जाताना ते आत कलतात. लाकडी बांधकामात छपराचा बाहेरचा रेटा पेलायला खांब असे तिरपे देत. कातळाला त्याची गरज नव्हती, तरी हाताची सवय दगडात उतरली. पुढची भिंत लाकडाची होती. ती गेली, तिच्या खोबणी कातळात उरल्या. त्यामुळे चैत्य सताड उघडा आहे आणि तोंड पश्चिमेला असल्याने तिसऱ्या प्रहरी ऊन आत येतं. तेव्हा बॅटरी लागत नाही.

बरेच जण इथूनच परततात. तसं करू नका. पुढे दक्षिणेकडे १४ स्तूपांचा समूह आहे, पाच आत, नऊ बाहेर. काहींवर स्थविरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंची नावं कोरलेली आहेत. त्याच्याही पुढच्या विहारात, म्हणजे भिक्खूंच्या निवासाच्या लेण्यात, रथातला सूर्य आणि हत्तीवरचा इंद्र आहेत, असं सर्वसाधारणपणे मानतात.

मला विचाराल तर पहिल्या खेपेला भाजे, ऑक्टोबर ते फेब्रुवारीत, दुपारी तीननंतर. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी मात्र नको: धबधब्याची गर्दी असते आणि शेवाळलेल्या पायऱ्यांवरून पाय सटकतो.