दुकानाचा लॅपटॉप आपोआप तयार : आठ महिन्यांनंतर

खानापुरात आमचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. अर्ज कन्नडमध्ये, लग्नपत्रिका मराठीत. त्यामुळे नुडी (कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर), पत्रिकांचा फोल्डर, बिलाचं सॉफ्टवेअर आणि ब्राउझर उघडल्याशिवाय आमची सकाळ सुरू व्हायची नाही. दुकान आई उघडते. ती एकेक आयकॉन शोधेपर्यंत दारात माणसं ताटकळायची, म्हणून जूनमध्ये मी हे सगळं आपोआप सुरू व्हायची सोय केली.

सोपा मार्ग स्टार्टअप फोल्डरचा. विंडोजचं बटण धरून आर दाबायचं, चौकटीत इंग्रजीत 'शेल', विसर्गासारखे दोन टिंब आणि 'स्टार्टअप' असं सलग लिहायचं आणि उघडलेल्या फोल्डरात शॉर्टकट टाकायचे. नुडी आणि पत्रिकांचा फोल्डर आजवर एकदाही चुकले नाहीत. फक्त हे लॉगिननंतर चालतं. पासवर्डच्या पडद्यावर काहीच उघडत नाही. आई पासवर्ड टाकून देवाला उदबत्ती लावते, तेवढ्यात सगळं समोर असतं.

बिलाचं सॉफ्टवेअर अ‍ॅडमिनची परवानगी मागतं, त्यामुळे ते या फोल्डरातून उघडेना. ते टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी प्रोग्राम सुरू करणारं विंडोजचंच साधन) लॉगिनच्या वेळेवर लावलं आणि सर्वोच्च अधिकाराने चालवायच्या चौकटीवर टिक केली. लाईट असली की ते बिनतक्रार उघडायचं.

खरा फटका बसला तो बॅकअपला. रोज लॉगिन झालं की पत्रिकांच्या फायली बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी व्हाव्यात, असं मी शेड्युलरमध्येच लावलं होतं. जुलैत आमच्याकडचा पाऊस म्हणजे सकाळी लाईट नसणारच. लॅपटॉप बॅटरीवर सुरू व्हायचा. एका पत्रिकेवर चुकून दुसरीच सेव्ह झाली, म्हणून हार्डडिस्क उघडली, तर शेवटची कॉपी दोन आठवड्यांपूर्वीची! त्या घरच्यांना दुसऱ्या दिवशी छपाई हवी होती. रात्री बसून सगळी नावं पुन्हा टाइप केली. फार वाईट वाटलं, कारण त्यांनी विश्वासाने काम दिलं होतं. शेड्युलरच्या 'कंडिशन्स'मध्ये 'वीजजोडणी असेल तरच सुरू कर' ही टिक आधीपासूनच असते. लॅपटॉप असेल तर ती आधी काढा. आणि महिन्यातून एकदा तरी कॉपी झालेली फाईल स्वतः उघडून बघा.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीतही डोकवा. न विचारता घुसलेले पाच प्रोग्राम मी तिथून बंद केले. गेल्या महिन्यात आईच्या सांगण्यावरून ब्राउझरही आपोआप सुरू होण्यातून काढला; पहिलं गिऱ्हाईक बहुतेक झेरॉक्सचंच असतं.