प्लॅस्टिकच्या स्ट्रॉऐवजी काय घ्याल: कागदी, स्टीलची की काहीच नको?

प्लॅस्टिकच्या स्ट्रॉवर महाराष्ट्रात 2018 पासून आणि देशभर 1 जुलै 2022 पासून बंदी आहे. तरी मुंबईत त्या अजून हातात पडतातच. वजनच भरत नसल्याने भंगारवाला त्या घेत नाही. मग गटार, नाला आणि पावसाळ्यात थेट समुद्र.

स्ट्रॉ लागतेच, तर खरी निवड कागदी आणि स्टीलमध्ये आहे. ज्यूस सेंटरवाल्याला कागदी बरी, धुण्याची कटकट नाही. पण घट्ट मिल्कशेकमध्ये ती लवकर लिबलिबीत होते आणि फालुद्याचा सब्जा अडकला की चपटी. शिवाय कागद म्हणजे निर्धोक, असंही नाही. 2023 मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी स्ट्रॉ तपासल्या, तेव्हा 20 पैकी 18 कागदी ब्रँडमध्ये सहजी न विघटणारी पीएफएएस रसायनं सापडली. प्रमाण कमी होतं, पण स्टीलच्या एकाही स्ट्रॉमध्ये ती नव्हती.

म्हणून घरासाठी मी स्टीलच सुचवेन. सोबत बारीक ब्रश हवाच, आणि लस्सी किंवा कोल्ड कॉफीनंतर लगेच पाणी मारायचं, नाहीतर आत साय धरते. मात्र हलत्या रिक्षात ती तोंडात धरू नका. लहान मुलांना, आणि हात थरथरणाऱ्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसांना सिलिकॉनची मऊ स्ट्रॉ द्या. त्यांना स्ट्रॉ ही गरज आहे, तिथे हट्ट नको.

बांबूची दिसते छान, पण मुंबईच्या दमट हवेत नीट वाळली नाही तर बुरशी येते. ‘कंपोस्टेबल’ लिहिलेल्या पीएलएच्या, म्हणजे मक्यासारख्या पिकांपासून बनवलेल्या प्लॅस्टिकच्या, स्ट्रॉला कुजायला साधारण 60 अंशांची उष्णता लागते, ती कंपोस्ट प्रकल्पात मिळते. समुद्रात पडली तर ती वर्षानुवर्षं तशीच राहते.

बाकी आपल्यापैकी बहुतेकांना स्ट्रॉ लागतच नाही. उसाचा रस, ताक, कोकम सरबत आपण ग्लासनेच पितो. शहाळेवाल्याला ‘दादा, स्ट्रॉ नको, तोंड जरा मोठं कापा’ एवढंच आधी सांगायचं, कारण कोयता ठेवला की पुढच्या क्षणी स्ट्रॉ आत गेलेली असते. पाणी संपल्यावर तो शहाळं फोडतो आणि मलईसाठी त्याच्याच सालीचा चमचा कापून देतो. आणि तुमचं स्वतःचं ज्यूस सेंटर असेल, तर स्ट्रॉचा डबा काउंटरवरून उचलून आत ठेवा आणि मागेल त्यालाच द्या.