बडोद्याच्या दांडिया बाजारातला फर्स्ट इयर केमिस्ट्रीचा क्लास, माझा अनुभव

बारावीला केमिस्ट्रीत 88 होते म्हणून बिनधास्त बीएस्सीला केमिस्ट्री घेतली आणि पहिल्याच इंटर्नलला 30 पैकी 9, घरी सांगायची हिंमतच होईना. आईच्या ओळखीतून हा क्लास कळला, जुन्या वाड्यात वरच्या मजल्यावर रिटायर्ड सर घेतात, 12-14 मुलं बास.

सर पहिल्या दिवशी कॉलेजचं काही शिकवतच नाहीत, शाळेतलंच विचारतात. 18 ग्रॅम पाणी म्हणजे किती मोल, इक्विलिब्रियम आला की रिअ‍ॅक्शन थांबते का, बाँड तुटताना एनर्जी बाहेर पडते की द्यावी लागते. मी 'बाहेर पडते' म्हटलं, निम्म्या वर्गानेही तेच म्हटलं, खरं तर द्यावी लागते! आमच्या गुजरात बोर्डाच्या पेपरात 50 मार्कांचे एमसीक्यू, वर गुजसेट ही राज्याची प्रवेश परीक्षा, त्यामुळे बरोबर पर्याय ओळखायची सवय लागलेली, 'का' कोणी विचारलंच नव्हतं.

आणि प्रॅक्टिकल. शाळेत आम्ही रीडिंग एकमेकांच्या जर्नलमधून उतरवायचो, ब्युरेट, म्हणजे थेंब थेंब सोडायची मापाची नळी, हातात आली नाही. इथे ऑक्झॅलिक अ‍ॅसिडमध्ये परमँगनेटचे पहिले थेंब टाकले तर गुलाबी रंग जाईचना, मला वाटलं एंडपॉइंट आला, म्हणजे रिअ‍ॅक्शन पूर्ण झाली. सर म्हणाले, "थांब बेटा, फ्लास्क गरम केलास का?" साधारण 60-70 डिग्रीपर्यंत तापवल्यावर रंग हळूहळू गेला, मग भराभर जायला लागला, कारण तयार होणारं मँगनीजच ती रिअ‍ॅक्शन पळवतं. परमँगनेट आणि ऑक्झॅलिकचं दोनास पाच हे प्रमाण त्या दिवशी कळलं, पाठ तर दोन वर्षांपासून होतं.

मी बी ग्रुपची, म्हणजे गणित नाही, लॉग आला की पोटात गोळा. पीएच म्हणजे आम्लतेचं लॉगमधलंच माप, सरांनी पीएच 3 आणि 5 मध्ये आम्लता शंभरपट का ते अर्धा तास घासून घेतलं. अमेरिकेत सॅडलर आणि टाय या संशोधकांनी 2007 मध्ये हेच दाखवलं म्हणे, शाळेत गणित जास्त झालेल्यांना कॉलेजची केमिस्ट्री सोपी जाते, बायोलॉजी जास्त झाल्याने तसा फायदा होत नाही. मग आम्हाला अकरावीत हे कोणीतरी सांगायला हवं होतं ना!

ऑरगॅनिक मात्र फार घाईत उरकतात, आणि संध्याकाळची बॅच नाही, सकाळी सातलाच. मराठीत विचारलं तर मराठीत समजावतात. येताना बारावीची जर्नल आणा, सर पहिल्या दिवशी तीच मागतात.