फुले मार्केटमागचं स्ट्रीटवेअर: टी-शर्ट काट्यावर ठेवून घ्या

जळगावात सोनं तोलल्याशिवाय कोणी घेत नाही. फुले मार्केटच्या मागच्या गल्लीतल्या या दुकानात टी-शर्टही तसाच घ्यावा. इथल्या प्रत्येक ओव्हरसाइज टी-शर्टच्या टॅगवर ‘240 जीएसएम’ छापलंय, आणि तीनपैकी एकाच रॅकवर ते पूर्ण खरं आहे.

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. एल साइजच्या ओव्हरसाइजला साधारण एक चौरस मीटरच कापड लागतं, त्यामुळे हिशेब सोपा: खरा 240चा टी-शर्ट गळ्याची पट्टी धरून 250-270 ग्रॅम भरतो. दाराजवळच्या 399च्या रॅकवरचा माल 190च्या आसपास भरतो, म्हणजे कापड 180चं. मधल्या 599च्या रॅकवर दोन्हींची भेसळ. आतल्या भिंतीवरचा 799चा माल चोख. पार्सलचा काटा काउंटरवरच असतो आणि मागितला तर तोंड वाकडं न करता पुढे सरकवतात, हे मानलं पाहिजे.

पण जड तेवढं भारी, असंही नाही. हा पेहराव आला हिप-हॉपमधून, म्हणजे रॅप आणि ब्रेक डान्सच्या दुनियेतून. ते जन्मलं न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, 1973च्या ऑगस्टात डीजे कूल हर्कच्या पार्टीत. ब्रेक डान्सला हातपाय मोकळे लागत, म्हणून ढगळ कपडे. आणि तिथल्या गोठवणाऱ्या हिवाळ्यात रस्त्यावर उभं राहायचं, म्हणून हुडी आणि कारहार्टसारखी कामगारांची जाडजूड जॅकेटं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45ला टेकतो. तेव्हा ढगळपणा घ्या, जाडपणा दिवाळीनंतरसाठी ठेवा. गंमत म्हणजे टॅग खोटा असला तरी उन्हाळ्यात 399चाच माल कामाचा!

मापात मात्र फसू नका. नेहमीच्या कटचा डबल एक्सएल ओव्हरसाइज म्हणून इथेही टांगलाय. तो मांडीपर्यंत लोंबतो आणि गळा पसरतो. खऱ्या ड्रॉप शोल्डरमध्ये खांद्याची शिवण हाडाच्या चार-पाच सेंटिमीटर खाली उतरते, बाही कोपराला टेकते, गळा मात्र मानेला धरून बसतो. गळ्याची पट्टी ताणून सोडा. लगेच मूळ जागी आली नाही तर चार धुण्यांत तिची झालर होईल.

दुकानाची खरी ओळख म्हणजे छातीवरचं ‘काय भो’, ही आपली खान्देशी हाक. ते दोन प्रकारच्या छपाईत मिळतं. पफ प्रिंटची शाई उष्णतेने फुगते, बोटाला उंचवटा लागतो, दिसायला झकास. पण देवनागरीत अडचण अशी की फुगताना शिरोरेषा जाड होते आणि ‘भ’मधली पोकळी बुजते. अक्षर अडीच इंचांपेक्षा लहान असेल तर लांबून नुसता गोळा दिसतो. दुसरा प्रकार डीटीएफ, म्हणजे ‘डायरेक्ट टू फिल्म’. त्यात अक्षर रेखीव येतं. मात्र ही छपाई म्हणजे शेवटी फिल्मवरून कापडावर चिकटवलेला थर आहे, त्यातून हवा जात नाही. पाठभर डीटीएफ घेतलं तर घाम तिथेच साचेल. छातीवर वीतभर पुरे. प्रेसमधून काढल्यावर फिल्म सोलली की वर बटर पेपर ठेवून आणखी दहा सेकंद दाबायला सांगा. हा दुसरा दाब घाईत टाळतात, आणि मग कडा तिसऱ्या-चौथ्या धुण्याला सुटतात.

स्वतःचा मजकूर छापून घेणार असाल तर स्क्रीनवर आधी वाचा. त्यांच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात. ‘खान्देश’मधला अर्धा न पाय मोडून वेगळा उभा राहतो. सांगितलं की दुरुस्त करून देतात, पण आपणहून बघत नाहीत.

कार्गो पँट ठीकठाक, खिशांच्या कोपऱ्यांना टाके पक्के आहेत. बुटांकडे वळू नका. रन-डीएमसी या रॅप ग्रुपने 1986 साली अदिदासवर गाणं केलं आणि कंपनीने त्यांच्याशी करार केला, तेव्हापासून बूट हा या पेहरावाचा कणा आहे. इथे ठेवलेत ते फर्स्ट कॉपी, तळवा नुसता चिकटवलेला.

धुताना उलटा करून, थंड पाण्यात. बोअरच्या जड पाण्यात पावडर नीट विरघळत नाही आणि काळ्यावर पांढरे पट्टे उठतात, म्हणून लिक्विड वापरा.

धुतलेला माल दुकान परत घेत नाही. त्यामुळे एक गोष्ट तिथेच बघा: कापडावरच्या बारीक उभ्या रेघा बाजूच्या शिवणीला समांतर आहेत का. तिरप्या असतील तर पहिल्याच धुण्यात शिवण पोटावर फिरते.