पालकांना दाराबाहेर न ठेवणारा नवजात अतिदक्षता विभाग

पुण्यातील एका धर्मादाय न्यासाच्या रुग्णालयात आमच्या मुलीने आयुष्याचे पहिले काही महिने काढले. गर्भारपणाच्या २९व्या आठवड्यात, १,०८० ग्रॅम वजनाची जन्मलेली ही मुलगी पुढे आतड्याच्या आजाराने अत्यवस्थ झाली, तिच्यावर दोन शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्या काळात तेथील नवजात अतिदक्षता विभागाचा, म्हणजे सगळे ज्याला एनआयसीयू म्हणतात त्याचा, आम्हाला जो अनुभव आला त्याविषयीचा हा अभिप्राय आहे. यात कौतुकाबरोबर तक्रारीही आहेत, आणि अशा विभागात काय पाहावे हे दुसऱ्या गावांतील पालकांनाही कळावे हा हेतू असल्यामुळे रुग्णालयाचे नाव दिलेले नाही. माझे मत आधीच सांगतो. व्हेंटिलेटर, वॉर्मर आणि मॉनिटर मोठ्या शहरांतील बहुतेक विभागांत असतात. आई-वडिलांना उपचारात कितपत सामील करून घेतले जाते, यात मात्र फार मोठा फरक असतो, आणि या बाबतीत हा विभाग आम्ही पाहिलेल्या इतर ठिकाणांपेक्षा पुष्कळ पुढे आहे.

विभागाचे पहिले चांगले काम मुलगी जन्मण्याआधीच झाले. प्रसूतीच्या तारखेला अडीच महिने शिल्लक असताना माझ्या पत्नीचे पाणी गेले, तेव्हा ती आमच्या भागातील एका लहान प्रसूतिगृहात होती. तेथील डॉक्टरांनी या विभागाला फोन केल्यावर पलीकडून स्पष्ट सूचना आली, की बाळंतपण तिथे उरकून बाळ पाठवू नका, आईलाच इकडे पाठवा, आणि निघण्यापूर्वी तिला स्टेरॉइडचे पहिले इंजेक्शन द्या. या इंजेक्शनामुळे पोटातील बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात, हे न्यूझीलंडमधील लिगिन्स आणि हाउई यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून पुढे आले. इतक्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाला रुग्णवाहिकेतून आणण्यापेक्षा आईच्या पोटातून आणणे कितीतरी सुरक्षित असते. जन्मानंतर मुलीला नाकावाटे दाबाने हवा देणाऱ्या सीपॅपवर ठेवले, फुप्फुसे उघडी राहावीत म्हणून त्यांत सर्फॅक्टंट हे औषध सोडले आणि श्वास मध्येच थांबू नये म्हणून कॅफीन सुरू केले. यांतील प्रत्येक गोष्ट कशासाठी केली, हे त्याच दिवशी आम्हाला मराठीत, बसवून, सांगण्यात आले.

अनेक रुग्णालयांत भेटीची वेळ ठरलेली असते आणि एरवी पालकांना काचेबाहेर उभे राहावे लागते. येथे आई-वडिलांना चोवीस तास प्रवेश आहे. अंगठी, बांगड्या आणि घड्याळ काढून कोपरापर्यंत हात धुणे आणि गाऊन घालणे याबाबत कोणालाही सूट मिळत नाही, आणि ती मिळू नये, कारण या वजनाच्या बाळाला जंतुसंसर्ग जिवावर बेततो. सकाळच्या राऊंडच्या वेळी पालकांना बाहेर काढत नाहीत. डॉक्टर आदल्या दिवसाचे वजन, लघवीचे प्रमाण, पचलेले दूध आणि रक्ताचे अहवाल आमच्यासमोर बोलत, आणि शेवटी ‘आई, तुम्हाला काही वेगळे वाटले का?’ असे माझ्या पत्नीला विचारत. तिने सांगितलेल्या गोष्टी फाईलमध्ये लिहिल्या जात.

कांगारू पद्धतीची सुरुवात मुलगी सीपॅपवर असतानाच झाली. एक सिस्टर नळ्या आणि तारा सांभाळे, दुसरी एक हात डोक्यामागे आणि एक बुडाखाली घालून मुलीला उचले आणि आईच्या उघड्या छातीवर उभी ठेवी. मान किंचित मागे, तोंड एका बाजूला आणि पाय बेडकासारखे दुमडलेले, अशी स्थिती जमली की वरून पट्टा बांधला जाई. ही पद्धत कोलंबियातील बोगोटा येथे १९७० च्या दशकाच्या अखेरीस बाळांना ऊब देणाऱ्या पेट्यांच्या, म्हणजे इन्क्युबेटरच्या, टंचाईतून सुरू झाली. आता जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली अशा बाळांसाठी जन्मानंतर शक्य तितक्या लवकर, दिवसातून ८ ते २४ तास, तिची शिफारस केली आहे. मलाही शर्ट काढून बसवले गेले. मुलीचे हृदयाचे ठोके आणि ऑक्सिजनचे आकडे त्या वेळात अधिक स्थिर राहत, हे मी स्वतः मॉनिटरवर पाहिले आहे. तक्रार एवढीच, की आरामात मागे रेलून बसता येईल अशा खुर्च्या फारच थोड्या आहेत आणि बाळंतीण बाईला प्लास्टिकच्या स्टुलावर तासन्‌तास बसावे लागते.

आईच्या दुधाबाबत हा विभाग विशेष आग्रही आहे. पहिल्या दिवशी चिकाचे जेमतेम काही थेंब निघाले; ते सिरिंजमध्ये घेऊन मुलीच्या गालांच्या आतल्या बाजूला लावले गेले. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, दूध काढायचे असते, कारण रात्री खंड पडला तर दूध कमी होते, हे स्तनपान सल्लागार बाईंनी पहिल्याच दिवशी समजावले. आईचे दूध पुरेनासे झाले तेव्हा पावडरच्या दुधाऐवजी दुग्धपेढीतील दूध आले. आशियातील पहिली दुग्धपेढी डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मुंबईच्या सायन रुग्णालयात सुरू केली. दात्या मातांची रक्ततपासणी होते, दूध ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे पाश्चरीकृत करतात आणि गोठवून ठेवतात. त्या दुधासाठी आमच्याकडून पैसे घेतले गेले नाहीत. मानवी दुधाच्या व्यापारी विक्रीविरुद्ध अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२४ साली बजावले आहे, तेव्हा कोणी असे दूध विकत असेल तर पालकांनी सावध राहावे. मुलगी गिळायला शिकली तेव्हा सिस्टरांनी बाटली टाळून वाटीने पाजायला लावले. माझ्या सासूबाईंनी घरचे चांदीचे बोंडले आणले होते. तेही उकळून वापरायला हरकत नाही, असे सिस्टरांनी सांगितले.

इतके सगळे करूनही तिसऱ्या आठवड्यात मुलीचे पोट फुगले, नळीतून हिरवट पाणी परत येऊ लागले आणि शीमध्ये रक्त दिसले. या आजाराला नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस म्हणतात. त्यात आतड्याला सूज येते आणि त्याचा काही भाग मरू लागतो. आईच्या दुधाने त्याचा धोका कमी होतो, पण पूर्ण टळत नाही. घरातील थोरांनी साहजिकच ‘हिने काय खाल्ले होते’ अशी चौकशी सुरू केली, तेव्हा विभागप्रमुखांनी दोन्ही आज्यांना आत बोलावून सांगितले, की हा आजार बाळ अपुऱ्या दिवसांचे असल्यामुळे होतो आणि आईच्या जेवणाचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. माझ्या पत्नीला त्या काळात मिळालेला सर्वांत मोठा आधार हाच होता, आणि अशी दहा मिनिटे प्रत्येक रुग्णालयाने प्रत्येक आईसाठी काढावीत असे मला मनापासून वाटते.

दूध बंद करून प्रतिजैविके दिली, तरी एका रात्री एक्स-रेमध्ये आतड्याबाहेर हवा दिसली, म्हणजे आतड्याला छिद्र पडले होते. याच रात्रीबद्दल माझी सर्वांत गंभीर तक्रार आहे. शस्त्रक्रियेचे संमतिपत्र एका निवासी डॉक्टरांनी मार्गिकेत उभ्या-उभ्या समोर धरले. ते पूर्णपणे इंग्रजीत होते, त्यात ‘स्टोमा’ हा शब्द होता, आणि त्याचा अर्थ विचारला तर ‘सर सांगतील’ एवढेच उत्तर मिळाले. बालशल्यचिकित्सक आल्यावर त्यांनी त्याच कागदाच्या मागे आतड्याचे चित्र काढून दाखवले, की मेलेला भाग काढून टाकायचा, चांगले टोक पोटावर उघडायचे, शी काही काळ तिथून पिशवीत येईल, आणि वजन वाढल्यावर दुसऱ्या शस्त्रक्रियेत ते परत आत जोडायचे. मूल दगावू शकते, हेही त्यांनी शब्द न फिरवता सांगितले. जे पाच मिनिटांत समजले ते सही करण्यापूर्वी समजायला हवे होते. मराठी संमतिपत्र, एक खुर्ची आणि समजावून सांगणारी ज्येष्ठ व्यक्ती, एवढी सोय रात्रीच्या पाळीतही असलीच पाहिजे.

शस्त्रक्रियेनंतर मात्र शल्यचिकित्सकांनी थिएटरबाहेर येऊन किती आतडे काढले, लहान आतडे किती उरले आणि लहान व मोठ्या आतड्यांमधली झडप वाचली की नाही, हे आपणहून सांगितले. पुढे मूल दूध कितपत पचवू शकेल हे बरेचसे यावर अवलंबून असते, म्हणून ज्यांना ही माहिती आपणहून मिळत नाही त्या पालकांनी ती आवर्जून विचारावी. मुलीला वेदना किती आहेत याची नोंद सिस्टर चेहऱ्यावरच्या आठ्या, नाडी आणि रडणे पाहून ठेवत आणि त्याप्रमाणे औषध देत.

पिशवीची काळजी घ्यायला आम्हाला शिकवणाऱ्या सिस्टरांविषयी लिहावे तेवढे थोडे आहे. पिशवीचे भोक बाकदार कात्रीने उघड्या आतड्याच्या आकाराइतकेच कापायचे, कारण मोठे झाले तर पातळ शी कातडीला लागून ती सोलवटते. चिकटणारी चकती आधी दोन तळहातांत धरून ऊबदार करायची, म्हणजे ती नीट बसते. आणि पिशवी एक तृतीयांश भरताच रिकामी करायची, नाहीतर वजनाने सुटते. हे सगळे त्यांनी आधी करून दाखवले, मग आमच्याकडून करून घेतले, आणि दोघांनाही न चुकता जमेपर्यंत घरी सोडण्याची गोष्ट काढली नाही. नवजात मापाच्या पिशव्या नेहमीच्या औषधाच्या दुकानात मिळत नाहीत, त्यामुळे कोठून मागवायच्या याची माहिती त्यांनी लिहून दिली.

खर्चाबाबत या विभागाला मी मध्यम म्हणेन. खाटेचा दर छापलेला आहे, पण सर्फॅक्टंट, शिरेतून दिले जाणारे पोषण आणि वापरून टाकायच्या वस्तू त्यात धरलेल्या नाहीत, आणि बिलाचा आकडा वाढतो तो याच रकान्यांत. धर्मादाय रुग्णालयांना मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखाव्या लागतात. तसा फलक येथे आहे, पण तो ओपीडीच्या मजल्यावर असून विभागाच्या दाराशी नाही. काउंटरवर विचारल्याशिवाय कोणी आपणहून सांगत नाही. दाखल होतानाच समाजसेवा अधीक्षकांना भेटावे, महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू असलेल्या रुग्णालयात योजनेच्या मदतनिसांकडे, म्हणजे आरोग्यमित्रांकडे, चौकशी करावी, आणि खासगी विमा असल्यास नवजात बाळाला पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे का, ते पॉलिसीत पाहून घ्यावे.

दुसरी शस्त्रक्रिया ठरल्याप्रमाणे आणि शांतपणे पार पडली. त्या वेळी संमतिपत्र आदल्या दिवशी दिले गेले.

घरी सोडल्यानंतरची व्यवस्थाही चोख आहे. आपल्याकडे ३४ आठवड्यांपूर्वी किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासावा लागतो, कारण वेळ चुकली तर दृष्टी कायमची जाऊ शकते. येथे ती तारीख फाईलच्या पहिल्याच पानावर लाल शाईने लिहिलेली होती, आणि मुलगी व्हेंटिलेटरवर असतानाही नेत्रतज्ज्ञांनी खाटेपाशी येऊन तपासणी केली. कानांची तपासणी झाली. लसी जन्मतारखेनुसार आणि विकासाचे टप्पे प्रसूतीच्या मूळ तारखेनुसार मोजायचे, हे समजावले गेले. पाठपुराव्याची ओपीडी मात्र आठवड्यातून एकाच सकाळी असते, तिथे गर्दी फार होते आणि बाहेरगावाहून आलेल्या आयांना दूध पाजायला आडोसा नाही. याबद्दल मी लेखी सूचना दिली आहे. पिशवी सुटली, पोट फुगले किंवा उलटी हिरवी झाली तर काय करायचे, हे विचारण्यासाठी विभागाचा एक फोन आहे, आणि तो रात्री-अपरात्रीही उचलला जातो.