पल्स ऑक्सिमीटर: लडाखच्या तयारीपासून आजपर्यंत, नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या आठवड्यात आमच्या ऑक्सिमीटरच्या सेलवरच्या झाकणाची खाच तुटली, आणि वॉरंटीचे तीन महिने शिल्लक असूनही ‘प्लास्टिकचे भाग वॉरंटीत येत नाहीत’ असे उत्तर सेवा केंद्राकडून आले, म्हणून हे लिहायला बसलो आहे. बोटाला चिमट्यासारखे लावायचे हे यंत्र करोनाच्या काळात घरोघरी पोहोचले, त्यामुळे ते रक्तातला प्राणवायू टक्क्यांत मोजते, यापलीकडे सांगण्यात जागा घालवत नाही. मी मात्र ते यंदा फेब्रुवारीत नवी पेठेतून साडेबाराशे रुपयांना घेतले, ते केवळ जूनमधल्या लडाखच्या सहलीसाठी. जाणारे आम्ही चौघे होतो: मी, सौ., मेहुणे आणि वहिनी. वये बावन्न ते त्रेसष्ट.

सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास, तर लेह 3,500 मीटरवर. दिल्लीहून विमान दीड तासात तिथे उतरवते, म्हणजे शरीराला सवय होण्यासाठी रस्त्यात जे दिवस मिळायचे तेच नेमके गायब होतात. प्राणवायूचे हवेतले प्रमाण तिथेही 21 टक्केच असते, परंतु हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश उरल्याने प्रत्येक श्वासात तो कमी मिळतो. आमच्या डॉक्टरांनी म्हणूनच दोन गोष्टी बजावल्या होत्या. लेहमध्ये पहिले दोन दिवस काहीही न पाहता विश्रांती घ्यायची, आणि निघण्यापूर्वी महिनाभर प्रत्येकाचे घरचे आकडे लिहून ठेवायचे, कारण तुलनेला आधार नसेल तर तिथला आकडा वाचून घाबरण्यापलीकडे काही होत नाही. मी दोनशे पानी वहीत चार रकाने आखून रोज सकाळी नोंद केली. सगळ्यांचे 96 ते 98 यांच्यामध्ये आले. एकदा वहिनींचे 91 दिसले तेव्हा धावपळ झाली, पण कारण लग्नासाठी लावलेले गडद नेलपॉलिश निघाले. ते पुसल्यावर आकडा जागेवर आला. एवढ्यावरून मी मार्चमध्ये या यंत्राला मनातल्या मनात पाच तारे देऊन टाकले होते.

त्यातला पहिला तारा लेहमध्ये पहिल्याच संध्याकाळी गळाला. यंत्राचा आकडा 90 च्या खाली गेला की ते ‘टिट-टिट’ असा कर्कश इशारा देते, हे सोलापुरात कधी कळलेच नव्हते, कारण तशी वेळच आली नव्हती. लेहमध्ये नव्याने उतरलेल्या धडधाकट माणसाचाही आकडा पंचाऐंशी-नव्वदच्या दरम्यान दिसणे नेहमीचे आहे. सौ. 89, मी 86, मेहुणे 84, वहिनी 88. म्हणजे यंत्र चौघांसाठीही बोंबलत होते. बटण दाबले की पडदा फिरायचा, आवाज तसाच. रात्री झोपेत श्वासाची लय बिघडून मध्येच काही क्षण थांबते आणि मग मोठा श्वास येतो, असे उंचीवर बऱ्याच जणांचे होते. मेहुण्यांचे तसे होताना पाहून मी दोन वाजता त्यांच्या बोटाला यंत्र लावले, आणि शेजारच्या खोलीतल्या पाहुण्यांनी भिंतीवर थाप मारली. शेवटी मी ते सोलापुरी चादरीच्या घडीत दाबून वाचू लागलो. (चादर न्यायला सौ.चा विरोध होता, हे नोंदवून ठेवतो.) साडेबाराशेच्या यंत्राला आवाज बंद करण्याची सोय नसावी, ही गोष्ट मला चार महिने खटकत राहिली, आणि जुलैत मी याविषयी कंपनीला सविस्तर पत्रही लिहिले. त्याला उत्तर आले नाही.

त्याच यंत्राने आमचे नियोजन बदलले, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. सहल ठरवून देणाऱ्याने आखलेला कार्यक्रम लेहमध्ये एक रात्र, मग ‘खारदुंग ला’ ही खिंड ओलांडून नुब्रा खोरे, आणि तिथून पँगाँग सरोवराकाठी तंबूत दोन रात्री असा होता; आक्षेप घेतला की ‘सगळे असेच जातात’ हे उत्तर ठरलेले. नुब्रात हुंदर सुमारे 3,100 मीटरवर, म्हणजे लेहपेक्षाही खाली आहे, त्यामुळे खिंड झटपट ओलांडली तर तिथली झोप सोपी पडते. पँगाँगचे पाणी मात्र 4,200 मीटरच्या वर आहे. खिंडीत दहा मिनिटे थांबणे वेगळे आणि त्या उंचीवर रात्र काढणे वेगळे, हा फरक त्या छापील कार्यक्रमात कुठेच नव्हता. लेहमधल्या दुसऱ्या दिवशी सौ.चा आकडा 91 वर गेला, माझाही वाढला, पण मेहुण्यांचा 83 वरच अडला, शिवाय त्यांचे डोके दुखत होते आणि जेवणावर वासना नव्हती. आम्ही लेहमधला मुक्काम दोन रात्रींनी वाढवला आणि पँगाँगला सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचे ठरवले. वाढीव खोल्यांचे पैसे गेले, तंबूंचे आगाऊ भरलेलेही गेले, आणि मला त्या रात्री झोप लागली नाही ती उंचीमुळे नव्हे. चौथ्या दिवशी मेहुणे 89 वर आले आणि त्यांनी आपणहून कडक भाकरी आणि शेंगाचटणी मागून घेतली, तेव्हा हिशोबाची वही मी मिटली.

यंत्राचा आणखी एक दोष म्हणून मी जे लिहून ठेवले होते, तो दोष यंत्राचा नव्हताच. खारदुंग लावर त्याने माझा आकडा 68 दाखवला. हातमोजे काढून उभा होतो, बोटे बर्फ झाली होती. गार बोटात रक्त कमी पोहोचते आणि बोटातून जाणाऱ्या लाल व अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशाच्या मोजणीला आधारच उरत नाही. गाडीत बसून हात मांडीखाली पाच मिनिटे दाबून ठेवल्यावर 79 आला. त्यामुळे हात ऊबदार करून, बसून, आकडा अर्धा मिनिट स्थिर झाल्यावरच वाचावा. आकडा बरा असूनही डोकेदुखी, उलटी किंवा चालताना तोल जाणे असेल तर लक्षणांवर विश्वास ठेवून वर न जाणे, आणि तोल जात असेल किंवा बसल्या जागी दम लागत असेल तर ताबडतोब खाली उतरणे, हे डॉक्टरांचे सांगणे आम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहिले होते.

आता माघार घेण्याची वेळ. दिवाळीत पुतण्या घरी आला होता. त्याने यंत्राचे बटण सहज दाबून धरले आणि पाच-सहा सेकंदांनी पडद्यावर एक यादी उघडली. त्यात इशारा बंद करता येतो, आणि मर्यादा 90 वरून 80 पर्यंत खालीही आणता येते. मुंगीच्या अक्षरांतल्या माहितीपत्रकात ही सोय तिसऱ्या घडीच्या आत होती. मी कंपनीला लिहिलेले पत्र आठवून गप्प बसलो आणि गळालेला तारा परत दिला.

पण सेल काढले की ही नोंद पुसली जाते आणि यंत्र पुन्हा 90 वर येते, आणि तुटलेल्या खाचेमुळे सेल आता जरा हलवले तरी सुटतात. म्हणजे झाकण तुटल्याने आवाजही परत आला आहे. सेवा केंद्राने सुटे झाकण विकत मिळत नाही असे सांगून नवे यंत्र दहा टक्के सवलतीत घेण्याचा सल्ला दिला. कुरिअरचे एकशे ऐंशी रुपये मात्र माझेच गेले. चार-पाच रुपयांच्या प्लास्टिकसाठी अकराशे पंचवीस रुपये मोजायला मी तयार नाही.

पुढच्या वर्षी स्पितीचा विचार आहे, आणि तिथे शिमल्याकडून जायचे पक्के केले आहे, कारण शिमला 2,200, कल्पा 2,960, ताबो 3,280 आणि मग काझा अशी चढण टप्प्याटप्प्याने वाढते. यंत्र हेच नेणार आहे. झाकणाला सध्या दुधाच्या पिशवीचे रबर दुहेरी बसवले आहे. बाकी मोजणी उत्तम असल्याने तीन तारे देत आहे.