झिम्ब्रा फुकटवाला ठेवायचा का लायसनवाला?

झिम्ब्रा म्हणजे ऑफिसचा स्वतःचा मेल सर्व्हर चालवायचं सॉफ्टवेअर. तालुक्याच्या गावातल्या दोन पतसंस्था अन् एक कापसाचं जिनिंग, एवढ्यांचे मेल सर्व्हर मी त्याच्यावरच सांभाळतो, सगळी मिळून शंभराच्या आतच खाती. तिन्ही ठिकाणी पहिला प्रश्न हाच आला, का फुकटात भेटून राहिला तर पैसे काऊन द्यायचे राजेहो?

दोन्हीत जे सारखं आहे ते आधी सांगून टाकतो. मेल नेणारं-आणणारं पोस्टफिक्स तेच, वेबमेल (ब्राउझरात मेल पाहणं), आयमॅप (आउटलुकसारख्या अॅपात मेल आणायची पद्धत), कॅलेंडर, स्पॅम फिल्टर तेच, अन् ८ जीबी रॅम दोघांनाही लागते. आपले मेल जीमेलच्या स्पॅममध्ये जातात म्हणून लायसन घ्यायला निघाले असाल तर थांबा, त्याचा लायसनशी काही संबंध नाही, फेब्रुवारी २०२४ पासून गूगलला एसपीएफ (आपल्या नावाने मेल कोणता सर्व्हर पाठवू शकतो याची नोंद) नाहीतर डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) लागतेच, रिव्हर्स डीएनएस (आयपी पत्त्यावरून सर्व्हरचं नाव सांगणारी नोंद) पण लागते, अन् हे सगळं फुकटवाल्यातही तसंच सेट होते.

खरा फरक बॅकअपचा. लायसनवाल्यात, म्हणजे नेटवर्क एडिशनमध्ये, बाकीच्यांचं काम चालू ठेवून एकट्याची मेलबॉक्स परत आणता येते, अन् बॅकअप दुसऱ्या डिस्कवर असला तर अगदी मघाशी आलेल्या मेलपर्यंत. फुकटवाल्यात ते नाही. तिथं आपणच रात्री क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावून एकेका खात्याची टीजीझेड, म्हणजे दाबून बांधलेली फाइल काढायची, नाहीतर सर्व्हिस बंद करून अख्खा फोल्डर आरसिंकने दुसरीकडे कॉपी करायचा. आता पाहा, फाइल निघाली रात्री २ वाजता, अन् दुपारी लाईन गेली, इन्व्हर्टर बसला, डिस्क गेली, तर सकाळपासूनचे मेल गेलेच. माझ्यासोबत हे ऐन मार्चएंडला झालं, मॅनेजर साहेब दोन दिवस बोलले नाहीत.

आउटलुकचं म्हणाल तर मेल आयमॅपवर मस्त येते, पण कॅलेंडर अन् ऑफिसची अड्रेस लिस्ट सिंक व्हायला झिम्ब्राचं कनेक्टर, म्हणजे आउटलुकला जोडायचं सॉफ्टवेअर लागते, ते लायसनवाल्यातच. फोनवर मेल, कॅलेंडर, नंबर सिंक करणारं अॅक्टिव्हसिंक पण तिकडेच. पतसंस्थेत आउटलुक कोणी उघडतच नाही, सगळे ब्राउझरवाले.

एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. फुकटवाल्याचा तयार इन्स्टॉलर कंपनीने शेवटचा दिला तो ८.८.१५ चा, अन् त्याचा सपोर्ट २०२३ च्या डिसेंबरात संपला. आवृत्ती ९ पासून फुकटवाल्याचा कंपनी फक्त सोर्स कोड ठेवते, त्यातून इन्स्टॉलर बनवायचं काम, म्हणजे बिल्ड, आपण करा नाहीतर दुसऱ्या कोणी केलेला घ्या. म्हणजे आता फुकट म्हणजे बिल्ड करणाऱ्यावर भरोसा, अन् पॅच, म्हणजे दुरुस्ती, आला का हे आपणच पाहायचं. २०२२ मध्ये सुरक्षेतलं एक भोक असं निघालं होतं का मेलमधली फाइल कोणी उघडलीही नाही तरी सर्व्हरच्या नुसत्या व्हायरस-स्कॅनिंगमध्येच सर्व्हर हातचा जायचा, कारण स्कॅनसाठी फाइल उघडणारं सीपीआयओ नावाचं जुनं टूल, अन् उपाय काय तर त्याच्या जागी पॅक्स नावाचं पॅकेज टाका. पाच मिनिटांचं काम, पण ते करायला सर्व्हर पाहणारा माणूस पाहिजे नं.

म्हणून माझा हिशोब असा, लिनक्स जाणणारा माणूस गावातच असेल, फोन केल्यावर अर्ध्या तासात येत असेल, अन् अर्ध्या दिवसाचे मेल गेले तर बोंब होणार नसेल, तर फुकटवाला घ्या, पैसे चांगल्या यूपीएसवर लावा. दोन्ही पतसंस्था तशाच चालून राहिल्या. जिनिंगवाल्याला मात्र मी लायसनच घ्यायला लावलं, सीझनमध्ये गाठींच्या सौद्याचा एक मेल हरवला तर त्याचं वर्षभराच्या लायसनपेक्षा जास्त जाते, अन् लायसन मेलबॉक्स मोजून लागते म्हणून आधी सोडून गेलेल्या लोकांची खाती काढायला लावली, अकरा निघाली.